हे शब्द कोणाचे? ऋद्धिपूरची पोथी आणि उताऱ्याची खूण

१/
इतिहासावरचे काहीही वाचताना वाचकाला एक साधा प्रश्न पडला पाहिजे : समोरचे वाक्य मूळ साधनातले आहे, की ते साधन समजावून सांगणाऱ्याचे? त्याचे उत्तर त्याच पानावर मिळावे म्हणून लिहिणारे लोक शतकानुशतके काही ना काही खुणा वापरत आले आहेत. आज ती खूण एका कळीवर येऊन बसली आहे. ओळीच्या आरंभी > हे चिन्ह, मग एक मोकळी जागा आणि पुढे उतारा. व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय २०२४ मध्ये आली. चिन्ह दिसेनासे होते, डावीकडे एक उभी रेघ उमटते आणि मजकूर किंचित आत सरकतो. त्या रेघेमागच्या विचाराचा एक फार जुना वारसा वऱ्हाडात आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/
अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात ऋद्धिपूर हे गाव आहे; आजच्या बोलण्यात रिद्धपूर. तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते. चक्रधरस्वामींनी महाराष्ट्राचा निरोप घेतल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि इतर मंडळी याच गावी एकत्र आली. शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी ऋद्धिपूरच्या वाजेश्वरीत बसून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, असे परंपरा सांगते. मराठी गद्याच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक या ग्रंथापासून केली जाते. मराठी भाषा विद्यापीठासाठी याच गावाची निवड झाली, ती या वारशामुळे.

३/
म्हाइंभटांपुढची अडचण आजच्या कोणत्याही संशोधकाला ओळखीची वाटेल. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहून ठेवला नव्हता. जे होते ते शिष्यांच्या आठवणींत : कोणी प्रवासात सोबत होते, कोणी एखाद्या गावी एकदाच भेटले होते. म्हाइंभटांनी नागदेवांकडून लीळा ऐकल्या, इतरांकडे जाऊन त्या मिळवल्या आणि पुन्हा पडताळून घेतल्या. अनुयायांच्या दृष्टीने स्वामींचा शब्द हेच शास्त्र होते. त्यामुळे प्रसंग सांगणाऱ्याचे शब्द आणि स्वामींचे शब्द एकमेकांत मिसळले असते, तर बिघाड भाषाशैलीपुरता राहिला नसता. पंथाच्या आचाराचा आधारच डळमळला असता.

४/
आता त्या काळचे पान डोळ्यांसमोर आणावे. अवतरणचिन्ह नाही, स्वल्पविराम नाही, परिच्छेद पाडण्याची आजच्यासारखी रीत नाही. फार तर दंड. मग बोलणे कोठे सुरू झाले हे वाचकाला कसे कळावे? लीळाचरित्राचे उत्तर एका ठरीव शब्दबंधात आहे : ‘सर्वज्ञें म्हणितलें’. निवेदनात स्वामींचा उल्लेख बहुधा ‘गोसावी’ असा येतो. गोसावी कोठे गेले, कोठे बसले, काय पाहिले, हे सारे त्या नावाने. त्यांच्या तोंडचे शब्द सुरू व्हायचे झाले की नाव बदलते आणि ‘सर्वज्ञ’ येते.

५/
ही योजना साधी आहे, आणि म्हणूनच टिकाऊ ठरली. ‘सर्वज्ञें म्हणितलें’ येथे उतारा उघडतो. पुढे दुसऱ्या कोणाच्या नावासह ‘म्हणितलें’ आले, किंवा निवेदन पुन्हा चालू झाले, की तो मिटतो. ही खूण शब्दांचीच असल्यामुळे लेखनिक बदलला, कागद बदलला, अक्षराचे वळण बदलले, तरी ती हरवत नाही. पोथी मोठ्याने वाचली जात असतानाही ती कानाला ऐकू येते. आजच्या उभ्या रेघेला हे साधत नाही. ती फक्त डोळ्यांसाठी आहे.

६/
ऋद्धिपूरची परंपरा एवढ्यावर थांबली नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, असे पंथात सांगितले जाते. या पुनर्रचनेत हिराइसेच्या पाठांतराचे नाव आदराने घेतले जाते. एकाच ग्रंथाच्या अनेक आठवणी असल्या म्हणजे त्या सर्व ठिकाणी जुळणार नाहीत, हे उघडच आहे. अशा वेळी एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. महानुभावांनी ते वेगळेपणही लिहून ठेवले. हा पाठ हिराइसेचा, हा परशरामबासांचा, हा रामेश्वरबासांचा, अशी नोंद पोथ्यांत सापडते. अशा वेगळ्या आठवणीसाठी त्यांच्याकडे ‘वासना’ हा खास शब्दही होता.

७/
‘स्थानपोथी’त ही शिस्त अधिकच स्पष्ट दिसते. चक्रधर जेथे जेथे थांबले, बसले, निजले, त्या स्थानांची ही नोंद आहे : गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे. अशा नोंदीत देवळाचे तोंड कोणीकडे होते याविषयी दोन आठवणी असल्या, तर दुसरी ‘एकी वासना’ म्हणून शेजारी येते. अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यात आलेगाव आहे. महानुभाव ज्यांना पवित्र मानतात अशा स्थानांपैकी ते एक. अशा गावी जाणाऱ्या भाविकाला नेमक्या जागी माथा टेकायचा असतो. आपल्याला ठाऊक आहे तेवढेच सांगावे, आणि ते कोणाकडून कळले हेही सांगावे, या वृत्तीला तेथे भक्तीचेच मोल होते.

८/
यानंतरचा टप्पा केसोबासांचा, म्हणजे केशिराजांचा. त्यांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचने निवडून वेगळी काढली आणि ‘सूत्रपाठ’ तयार झाला. केसोबास संस्कृतचे मोठे जाणकार होते. तरीही वचने मराठीतच राहिली. स्वामींचा उपदेश संस्कृतात नेला तर साध्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील, अशी नागदेवांची भूमिका ‘स्मृतिस्थळा’ने नोंदवली आहे. उतारा मूळ भाषेतच द्यावा, आपल्या विद्वत्तेच्या भाषेत वळवून देऊ नये, हा नियम येथे करुणेतून आला आहे.

९/
पण वचन प्रसंगातून उचलले की एक धोका निर्माण होतो. ते कोणाला उद्देशून होते, रागाने म्हटले की कौतुकाने, कोणत्या प्रश्नाचे ते उत्तर होते, हे सारे मागे राहते. तीन शब्दांचे सूत्र हातात उरते आणि ज्याला जो अर्थ हवा तो काढता येतो. महानुभावांना हा धोका कळला होता. म्हणून ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथप्रकार निर्माण झाला : सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणापाशी, कशावरून निघाले, याची जोड देणारा. वचन एका पोथीत, त्याचा संदर्भ दुसऱ्या पोथीत, आणि दोन्ही मिळून अभ्यास. चित्रावर मोठ्या अक्षरांत छापलेले एखाद्या महापुरुषाचे एकच वाक्य दिवसभर फिरताना दिसते, तेव्हा त्याचे ‘प्रकरणवश’ कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असा आहे.

१०/
केसोबासांच्याच ‘दृष्टान्तपाठा’ची रचना तर आजही अनुकरण करावी अशी आहे. त्यात एकशे चौदा दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाचे तीन थर. आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचे. त्या दृष्टान्ताचा रोख उलगडून सांगणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. वाचकाला कोठेही संभ्रम पडत नाही. गुरूचे वचन कोठे संपते आणि शिष्याचे विवेचन कोठे सुरू होते, हे मांडणीच सांगते. आपले स्पष्टीकरण गुरूच्या तोंडी घालण्याचा मोह शिष्याला किती मोठा असेल! सातशे वर्षांपूर्वी एका माणसाने तो आवरला, म्हणून आज चक्रधरांच्या गद्याविषयी काही निश्चितपणे बोलता येते.

११/
येथे ‘संकेत’ या शब्दाची दुसरी बाजूही पाहावी. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ गुप्त लिप्यांत लिहिले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. तिचे श्रेय रवळोबासांना दिले जाते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह, अशी ती योजना. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचा उलगडा केला आणि कुलूपबंद वाङ्मय बाहेर आले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवलेले वि. भि. कोलते यांनी या वाङ्मयाला आयुष्य दिले. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. लिपीचा संकेत मजकूर झाकण्यासाठी होता, ‘सर्वज्ञें म्हणितलें’चा संकेत तो नेमका दाखवण्यासाठी. एकाच पंथाने दोन्ही जपले.

१२/
पोथ्यांकडून आता दप्तरांकडे वळू. मराठेशाहीतील मोडी पत्रांतही विरामचिन्हे नाहीत, शब्दांमध्ये जागाही नाही. आडव्या रेघेखाली अक्षरे एकापुढे एक लागलेली. तरी या पत्रांत एक उत्तम पद्धत आढळते. समोरच्याच्या पत्राला उत्तर देताना आधी त्याचा मजकूर थोडक्यात सांगायचा, तो ‘म्हणून लिहिलें’ अशा शब्दांनी मिटवायचा, आणि ‘ऐशास’ किंवा ‘त्यास’ असे म्हणून आपले उत्तर सुरू करायचे. संगणकावरील पत्रव्यवहारात आधीचा मजकूर > लावून वर ठेवायचा आणि खाली उत्तर लिहायचे, ही रीत रूढ झाली. कारकुनाच्या ‘म्हणून लिहिलें… ऐशास’ने तेच काम आधीच केले होते.

१३/
वऱ्हाडात अशा काटेकोरपणाला विशेष अर्थ होता. अठराव्या शतकात येथे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुअंमल होता. एकाच मुलखाच्या वसुलावर दोघांचा हक्क. अशा ठिकाणी कोणी काय मान्य केले आणि कोणी फक्त दुसऱ्याचे म्हणणे परत सांगितले, यातला फरक रुपयांत मोजला जाई. ‘म्हणून लिहिलें’ हे दोन शब्द नजरेतून निसटले, तर समोरच्याची मागणी ही लिहिणाऱ्याची कबुली ठरायची. मोडी वाचायला नव्याने शिकणाऱ्याने याच जागी सर्वाधिक सावध राहावे. अक्षर लागते, वाक्यही लागते; बोलणारा मात्र चुकतो, आणि मग निष्कर्षच उलटा होतो.

१४/
छापखाना आला आणि मराठीत इंग्रजी वळणाची विरामचिन्हे आली. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघू लागला, तोवर अशी चिन्हे छापील मराठीत रुळू लागली होती. ‘अवतरण’ हा शब्दही मार्मिक आहे : खाली उतरणे. दुसऱ्याचे शब्द आपल्या पानावर उतरतात, आणि त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना जागा राखली जाते. आपण ‘उतारा’ म्हणतो, त्यातही तीच कल्पना आहे.

१५/
आता पुन्हा त्या > चिन्हाकडे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अभ्यासक अरिस्टार्कस होमरच्या काव्यातील लक्षणीय ओळींशेजारी समासात जवळजवळ असेच चिन्ह करी. त्याचे नाव डिपली. पुढे ख्रिस्ती हस्तलिखितांत धर्मग्रंथातील उतारा दाखवण्यासाठी ते ओळीओळीशेजारी येऊ लागले. संगणकावरील पत्रांत > रूढ झाले ते कळफलकाच्या सोयीने. पण समासातील खुणेने परके शब्द ओळखायचे, ही कल्पना तीच. २००४ मध्ये जॉन ग्रूबर यांनी ‘मार्कडाउन’ ही साधी लेखनपद्धती मांडली, तेव्हा त्यांनी पत्रांतली हीच सवय उचलली. आज अनेक ठिकाणी > चालते त्याचे कारण हे आहे.

१६/
वेबपानांच्या मूळ भाषेत, एचटीएमएलमध्ये, लांब उताऱ्यासाठी ‘ब्लॉककोट’ नावाचा टॅग आहे. सुरुवातीच्या काळात पुष्कळांनी तो फक्त मजकूर आत सरकवण्यासाठी वापरला. दिसणे घेतले, अर्थ सोडला. याच टॅगला ‘साइट’ नावाचा एक गुणधर्म जोडता येतो आणि त्यात मूळ स्रोताचा पत्ता लिहिता येतो. मात्र ब्राउझर तो वाचकाला सहसा दाखवत नाही. म्हणून कर्त्याचे नाव आणि ग्रंथ उघड शब्दांत लिहावा, आणि उताऱ्याच्या चौकटीबाहेर लिहावा, असे आजचे मानक सांगते. चौकटीत फक्त मूळ शब्द. लीळाचरित्रातही ‘सर्वज्ञें म्हणितलें’ हे शब्द वचनाच्या बाहेरच असतात.

१७/
मराठी उतारे देताना आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली ओळींची. एचटीएमएलमध्ये नुसती एंटर कळ दाबून पाडलेली ओळ ब्राउझर मानत नाही. सलग मजकूर दाखवतो. ओवी किंवा अभंग अशा रीतीने उतरवला, तर चार चरणांचे एक गद्य वाक्य होते. त्यासाठी ओळ मोडण्याचा वेगळा टॅग द्यावा लागतो. मूळ मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. दुसरी गोष्ट तिरप्या अक्षरांची. रोमन लिपीत तिरप्या अक्षराला स्वतंत्र घडण आणि परंपरा आहे. देवनागरीत बहुतेक वेळा उभे अक्षरच यंत्राने कलवलेले असते. मात्रा आणि जोडाक्षरे वाचायला त्रास होतो. मराठी उताऱ्याला रेघ आणि समास अधिक शोभतात.

१८/
आणि एक खूण तर दिसतच नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर असते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे अदृश्य चिन्ह. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना एखादी प्रणाली हे अदृश्य चिन्ह गाळते, आणि ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते. उतारा जसाच्या तसा उचलला असे वाटत असताना प्रदेशाचे नावच बदललेले असते. दोन्ही प्रकार डोळ्यांना सारखे दिसतात, पण शोधताना एक टंकला की दुसरा सापडेलच असे नाही. म्हणून चिकटवलेला उतारा मुळाशी ताडून पाहणे, हे काम कोणत्याही चिन्हावर सोपवता येत नाही.

१९/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकासाठी या साऱ्यातून चार सवयी निघतात. मूळ शब्द > लावून वेगळे ठेवावेत. ते कोणाचे आणि कोठले, हे बाहेर स्पष्ट लिहावे. मधले काही गाळले असेल तर तेथे टिंबे द्यावीत. आणि सारांश आपल्या शब्दांत असेल, तर त्याला रेघ लावू नये. यांतील शेवटची सवय सर्वांत कमी पाळली जाते. आपण रचलेले जोरकस वाक्य उताऱ्याच्या चौकटीत बसवले, की ते पुढच्या माणसासाठी पुरावा होते. तो ते शिवाजी महाराजांचे, गाडगेबाबांचे किंवा पंजाबराव देशमुखांचे म्हणून पुढे पाठवतो. त्यानंतर खरे शब्द शोधणाऱ्याला आधी ते खोटे शब्द बाजूला सारावे लागतात.

२०/
म्हाइंभटांकडे कळफलक नव्हता, चिन्हे नव्हती. समोर आठवणी सांगणारी माणसे होती आणि त्यांतली बरीच म्हातारी होत चालली होती. त्यांना घाई करण्याला भरपूर कारण होते. तरी कोण बोलले हे त्यांनी ठिकठिकाणी लिहिले. त्यांच्यानंतरच्यांनी कोणाची आठवण वेगळी आहे हेही लिहिले. त्या वेळी जे मत मागे पडले, ते ‘एकी वासना’ या दोन शब्दांच्या आधाराने पोथीत जिवंत राहिले, आणि सात शतकांनंतर कोणा अभ्यासकाला त्याचा पुन्हा विचार करता येतो. वाचकाला एवढी मोकळीक ठेवणे, हेच उताऱ्याच्या खुणेचे खरे काम.